सोसायटीच्या लाइफगार्डविरुद्ध तक्रार देऊ का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या गृहसंकुलातून एका आईने लिहिलं आहे. मुलगी दोन वर्षं आठ महिन्यांची, पाण्याची भारी आवड. सुट्टीतल्या एका रविवारी सकाळी तिघं सोसायटीच्या पूलवर गेली. मुलीच्या दोन्ही दंडांना हवेचे फुगे घातले होते. बाबा खोल बाजूला पोहत होते, आई कठड्यावर पाय सोडून बसली होती आणि मुलगी तिच्यापासून ‘सात-आठ फुटांवर’, साडेतीन फूट पाण्यात डुंबत होती. लाइफगार्डने शिट्टी मारली. ‘मॅडम, बेबीला बाहेर घ्या, नाहीतर तुम्ही तिच्याजवळ पाण्यात उतरा. फुग्यांवर सोडायचं नाही.’ आई म्हणाली, माझं लक्ष आहे. तो म्हणाला, नियम आहे. आवाज चढले. बाबांनी येऊन ‘ए, तू आम्हाला शिकवू नकोस’ म्हणून सुनावलं. वीस-पंचवीस लोक बघत होते. मुलगी रडायला लागली आणि आता ‘काका ओरडतो’ म्हणून पूलवर यायलाच तयार नाही. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर दोन तट पडले. सेक्रेटरींनी लेखी तक्रार मागितली आहे. येत्या रविवारी कमिटीची मीटिंग आहे, तक्रार आली तर एजन्सीला सांगून ‘पोरगा बदलून घेऊ’ असं त्यांचं म्हणणं. घरात सासूबाई म्हणतात, मुलीला पाण्यात नेऊच नका. सासरे म्हणतात, आम्ही तर विहिरीत शिकलो. आई विचारते: ‘तक्रार देऊ का? आमच्या मुलीचं बरं-वाईट आम्ही आई-बाप ठरवणार, की बावीस वर्षांचा पोरगा?’

---

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना ‘सात-आठ फूट’ या शब्दांवर अडकले. तुम्ही ते अंतर ‘अगदी जवळ’ या अर्थाने लिहिलं आहे. आज घरी एकदा मोजून बघा. डबलबेडच्या लांबीपेक्षा ते जास्त भरेल. कठड्यावरून उठायचं, पाण्यात उतरायचं, मग त्या पाण्यातून मुलीपर्यंत पोहोचायचं. तुमची नजर सतत तिच्यावर होती असं धरलं तरी चार-पाच सेकंद सहज गेले असते. आणि त्या वयाच्या मुलीची उंची साधारण ९० सेंटिमीटर, म्हणजे तीन फूट. पाणी साडेतीन फूट. ती तळावर ताठ उभी राहिली असती तरी डोक्यावर अर्धा फूट पाणी. ज्याला आपण ‘उथळ बाजू’ म्हणतो ती तुमच्यासाठी उथळ होती, तिच्यासाठी नव्हती. तिला वर धरून ठेवणारं होतं काय, तर दंडावरचे दोन फुगे.

या फुग्यांबद्दल आई-बाबांचा फार गैरसमज आहे, आणि त्याला तुम्ही जबाबदार नाही. दुकानात ते ‘सेफ्टी’ म्हणूनच टांगलेले असतात. पण ते खेळणं आहे. ओल्या, गुळगुळीत दंडावरून ते निसटतात, झडपेतून हवा हळूहळू जाते, आणि मुलाने हात वर केले की एका झटक्यात निघून येतात. शिवाय फुग्यांवर मूल पाण्यात उभं तरंगतं. पोहायला लागतं ते आडवं अंग, म्हणजे शिकतंय तेही उलटंच. मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती पुढच्या गोष्टीची. फुगे घालून चार वेळा पाण्यात गेलेल्या लेकराला वाटायला लागतं की तरंगतोय ते आपण. मग फुगे काढून खाऊ खायला बसवलेलं ते मूल पुन्हा पाण्याकडे धावतं आणि बिनधास्त उडी मारतं. त्याच्या दृष्टीने काहीच बदललेलं नसतं.

त्यामुळे ‘फुग्यांवर सोडायचं नाही’ आणि ‘तुम्ही जवळ उतरा’ या दोन्ही गोष्टी त्या मुलाने बरोबरच सांगितल्या. लहान मुलांच्या डॉक्टरांच्या संघटना हेच सांगतात. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचं म्हणणं असं की ज्याला पोहता येत नाही अशा लहान मुलाजवळ मोठ्या माणसाने हात लांब केला की हाताला लागेल इतक्या अंतरावर असावं. पाण्यात, त्याच्यासोबत. कठड्यावर नाही.

तुम्ही लिहिता, ‘ती बुडत असती तर मला कळलं नसतं का? मी आई आहे.’

हे वाक्य वाचून मला माझाच मुलगा आठवला. तीन वर्षांचा होता. आम्ही एका रिसॉर्टवर गेलो होतो. मी तर पाण्यातच होते, कमरेएवढ्या, आणि तो माझ्या मागे दोन हातांवर, पायरीवर बसलेला. मैत्रिणीने काहीतरी विचारलं म्हणून मी मान वळवली. वाक्य पूर्ण करून परत बघितलं तर पायरीवर तो नाही. पाण्यावर त्याचे केस पसरलेले दिसले. खाली डोळे उघडे होते आणि तो माझ्याकडेच बघत होता. हाक नाही, छपछप नाही, एक बुडबुडासुद्धा नाही. हात घालून उचललं. तीन सेकंद झाले असतील, फार तर चार. तो खोकला, थोडा रडला आणि पाच मिनिटांत बिस्किट मागायला लागला. मी मात्र त्या रात्री त्याच्या छातीवर हात ठेवून जागी होते. आई मीही होतेच. मला कळलं नव्हतं.

बुडणारं माणूस हात हलवून ओरडतं, हा आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलेला समज आहे. फ्रँक पिया नावाच्या अमेरिकन जीवरक्षकाने न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर खरी बुडणारी माणसं बघून, त्यांचं चित्रीकरण करून हे दाखवून दिलं की बहुतेकांना ओरडताच येत नाही. तोंड पाण्याच्या वर येतं तेवढ्या क्षणात श्वास घ्यायचा की हाक मारायची? शरीर श्वास निवडतं. हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात, म्हणून कोणाला बोलावण्यासाठी हलत नाहीत. ही धडपड २० ते ६० सेकंद चालते आणि मग माणूस खाली जातं. तान्ह्या-लहानग्यांना तर डोकं बाकीच्या अंगाच्या मानाने जड असतं. एकदा तोंडावर पडलं की स्वतःहून सरळ होणं त्यांना जमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली, आणि त्यात जवळजवळ पाव हिस्सा पाच वर्षांच्या आतली मुलं होती. हे तुम्हाला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. तुमच्या लेकीच्या वयाला वेगळा नियम का लागतो, ते कळावं म्हणून लिहिते आहे.

आता तुमचा खरा प्रश्न. कोण ठरवणार?

मुलीने काय खायचं, कधी झोपायचं, पोहायला कधी शिकायचं, हे तुम्हीच ठरवणार. पण त्या पाण्याच्या चौकटीत गेल्यावर पाण्याचा निर्णय लाइफगार्डचा, कारण ते पाणी एकट्या तुमच्या कुटुंबाचं नाही. लाइफगार्डला शिकवतात ते असं: दहा सेकंदांत आपल्या वाट्याच्या सगळ्या पाण्यावरून नजर फिरली पाहिजे आणि कोणी अडचणीत दिसलं तर पुढच्या वीस सेकंदांत तिथे पोहोचलं पाहिजे. आता मला सांगा, तुमचा वाद किती वेळ चालला? तुम्हीच लिहिलंय, ‘चांगली पाच-सात मिनिटं’. त्या पाच-सात मिनिटांत त्याची नजर तुमच्या यजमानांच्या चेहऱ्यावर होती. पूलमध्ये पंचवीस माणसं होती, त्यात मुलंही असतील. त्यांच्याकडे कोण बघत होतं?

तुम्हाला वाटलं की तो तुमच्या आईपणावर शंका घेतोय. मला वाटतं तो आकडेमोड करत होता. तो एकटा, माणसं पंचवीस, त्यात एक तीन फुटी मूल साडेतीन फूट पाण्यात, जवळ कोणी नाही. तुमचं लक्ष आहे म्हणून तो निर्धास्त झाला असता, आणि तो आहे म्हणून तुम्ही निर्धास्त होतात. गर्दीच्या पूलवर लेकरू हरवतं ते असंच, दोन माणसांच्या मध्ये. प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतोय.

मग फक्त तुमचंच चुकलं, असं मला वाटलं का? नाही. त्याचंही चुकलं. चार लोकांसमोर शिट्टी मारून, लांबून ओरडून सांगितलं तर कोणाही आईला ते लागणारच. जवळ येऊन हळू आवाजात सांगता आलं असतं. तुमची मुलगी घाबरली, हे खरं दुखणं आहे आणि ते मांडायला हवं. पण एक विचारू? तो तुम्हाला शेवटपर्यंत ‘मॅडम’ म्हणत होता. तुमचे यजमान त्याला ‘ए’ म्हणाले. हेच शब्द तुमच्या डॉक्टरांनी किंवा विमानातल्या कर्मचाऱ्याने सांगितले असते, तर ‘ए’ आलं असतं का? तो बावीस वर्षांचा आहे, एजन्सीकडून आलाय, आपल्याच मेंटेनन्समधून त्याचा पगार निघतो. या तीन गोष्टींनी पाण्याची खोली बदलत नाही. हे वाचताना तुम्हाला वाईट वाटेल, कळतंय मला. पण तुम्ही मोकळेपणाने विचारलंत, तर मीही आडपडदा ठेवत नाही.

सासऱ्यांचं म्हणणं मला मनापासून आवडलं, कारण माझे वडीलही तसेच शिकले. पाठीला सुका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधायचा आणि विहिरीत सोडायचं. पण त्यांना बसवून नीट विचारा की तेव्हा काका, आजोबा कुठे होते. माझे वडील सांगायचे की आजोबा आधी स्वतः विहिरीत उतरायचे, एका हाताने पायरीची कड धरायचे आणि दुसरा हात पोराच्या पोटाखाली. भोपळा पाठीवर असायचाच, पण हात काढत नसत. आणि पोर सात-आठ वर्षांचं असायचं, पावणेतीनचं नाही. सासऱ्यांनी आठवून सांगितलेली गोष्ट बहुधा लाइफगार्डच्याच बाजूची निघेल.

सासूबाईंचं ‘नेऊच नका’ मात्र मला पटत नाही. पाण्यापासून लांब ठेवून मूल सुरक्षित राहतं, असं नाही. पाणी घरातच असतं. ठाण्यात पाणीकपातीच्या आदल्या रात्री आपण काय करतो? बादल्या, टब, बाथरूममधलं पिंप, सगळं काठोकाठ भरून ठेवतो. रांगणाऱ्या आणि नुकत्या चालायला लागलेल्या मुलासाठी अर्धी बादलीसुद्धा पुरेशी धोक्याची आहे. ते वाकून आत बघतं, डोकं जड, तोल जातो, आणि बादली जड असल्याने कलंडतही नाही. तेव्हा भरलेल्या भांड्यांवर घट्ट झाकणं, बाथरूमला वरची कडी, आणि वापर झाला की बादली पालथी. हे आजपासून करा. पूलचा वाद मिटो न मिटो.

पोहणं शिकवायचं असेल तर जरूर शिकवा. पूर्वी चार वर्षांच्या आत शिकवू नये असा सल्ला असे, आता एक वर्षानंतर बऱ्याच मुलांना त्याचा उपयोग होतो असं बालरोगतज्ज्ञ मानतात. मात्र तिच्या वयाला असा वर्ग बघा जिथे आई किंवा बाबा पाण्यात सोबत असतात. आणि वर्ग झाला म्हणून तुमचा हात लांब गेला, असं होऊ देऊ नका. शिकलेलं मूलही बुडतं.

आता तक्रारीचं. ती देऊ नका.

कमिटीला पत्र मात्र द्या, आणि तक्रारीपेक्षा ते जास्त ठाम असू द्या. पूलच्या दारावर नियम मोठ्या अक्षरांत मराठी, हिंदी, इंग्रजीत का नाहीत, हे विचारा. तुम्ही लिहिलंय की फुग्यांचा नियम तुम्हाला आधी कोणीच सांगितला नव्हता. ही चूक कमिटीची आहे, आणि ती निस्तरावी लागली त्या मुलाला. रविवारी सकाळी एवढ्या पाण्याला एकच लाइफगार्ड का, हे विचारा. त्याची ड्युटी सलग किती तासांची आहे? मध्ये सुट्टीला कोण बदली येतं? तोच मुलगा क्लोरीन तपासतो, पाण्यातला कचरा काढतो, टोप्या आणि पास बघतो का? असेल तर त्या वेळात पाणी कोण बघतं? त्याचं जीवरक्षक म्हणून प्रशिक्षण झालंय का, सीपीआर, म्हणजे श्वास आणि हृदय थांबल्यावर छाती दाबून, तोंडाने श्वास देऊन करायची मदत, येते का, प्रमाणपत्र कधीचं आहे? तो ड्युटीवर मोबाइल बघताना दिसला तर ती तक्रार मात्र एका क्षणाचाही विचार न करता करा, मी तुमच्या बाजूने असेन. पण इथे तर तो बघत होता म्हणून तुम्ही भांडलात. त्यासाठी त्याची नोकरी गेली, तर पुढच्या येणाऱ्याला एजन्सी काय सांगेल? ‘पालकांना काही बोलू नको.’ मग तो बोलणार नाही. अशा गप्प बसलेल्या लाइफगार्डसमोर तुम्हाला मुलीला न्यायचं आहे का?

पत्रात हेही मागा की नियम सांगायची पद्धत ठरवून द्यावी. मूल धोक्यात असेल तर शिट्टी. धोका दिसतोय पण वेळ आहे, तर जवळ जाऊन शांतपणे. आणि पालकाने ऐकलं नाही तर लाइफगार्डने वाद घालायचा नाही, गेटवरच्या माणसाला किंवा मॅनेजरला बोलवायचं आणि आपली नजर पाण्यावर परत न्यायची. पालकांनाही सांगा, हरकत असेल तर मुलाला आधी बाहेर काढा, मग काठापासून लांब, मॅनेजरशी बोला.

सोसायटीच्या हॉलमध्ये अर्ध्या दिवसाचं सीपीआर प्रशिक्षण घ्यायला सांगा. आपल्याकडे अजूनही पाण्यातून काढलेल्या मुलाला उलटं धरतात, पोट दाबून पाणी काढायला बघतात. त्यात मोलाची मिनिटं जातात आणि पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत जाण्याची भीती. मोठ्या माणसाचं हृदय अचानक बंद पडलं तर ‘नुसती छाती दाबा’ असं हल्ली शिकवतात, ते बुडालेल्या मुलाला पुरत नाही. त्याला हवा मिळालेली नसते. श्वास चालू नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग छातीवर दाब, आणि दुसऱ्या कोणीतरी १०८ किंवा ११२ ला फोन. हे वाचून येत नाही, बाहुलीवर हाताने करून बघावं लागतं. आणि शुद्धीवर असलेलं मूलही पाण्यातून काढल्यावर सारखं खोकत असेल, धाप लागत असेल, पेंगत असेल तर थेट दवाखान्यात न्यायचं, घरी झोपवायचं नाही.

ज्या इतर आई-बाबांनी हे वाचलंय त्यांनाही एक सांगते. तीन-चार कुटुंबं मिळून पूलवर जाता तेव्हा धोका कमी होत नाही, कारण मोठी माणसं भरपूर असली की प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतोय. पाळी लावा. पंधरा मिनिटं एकाची. त्याने फोन बॅगेत टाकायचा, गप्पा मारायच्या नाहीत, आणि पाळी संपली की दुसऱ्याला तोंडाने सांगायचं, ‘आता तू’. समोरच्याने ‘हो, मी’ म्हटल्याशिवाय नजर काढायची नाही. आम्ही एक लाल नॅपकिन ठेवतो. ज्याच्या खांद्यावर तो, त्याची पाळी. मुलांना निळे-पांढरे पोहण्याचे कपडे घेऊ नका, पाण्यात ते दिसेनासे होतात. भडक केशरी घ्या. खेळून झालं की बॉल, बदकं पाण्यातून काढा, नाहीतर मूल ते घ्यायला परत जातं. आणि कर्जत-मुरबाडकडे फार्महाउस घ्याल तेव्हा आधी विचारा, पूलला कुंपण आणि कडी आहे का. तिथे बहुतेक वेळा शिट्टी मारायला कोणी नसतं.

राहिली तुमची मुलगी. तिची भीती पाण्याची नाही, ओरडण्याची आहे, आणि ओरडलं होतं तीन जणांनी. शनिवारी संध्याकाळी पूल बंद व्हायच्या सुमाराला तिला घेऊन जा. पोहायला नको, नुसतं. त्या मुलाशी बोला. माफी मागायचीच असं मी म्हणत नाही, पण ‘त्या दिवशी आवाज चढला, तुम्ही मुलीसाठी बोललात हे कळलं’ एवढं तरी म्हणा. यजमान सोबत आले तर फारच चांगलं. मुलीला त्याची शिट्टी हातात घेऊन बघू द्या, हवं तर वाजवू द्या. तिने पाण्यात पाय घातला तर घालू दे, नाही घातला तर घरी या. पुढच्या वेळी मात्र तुम्ही आधी उतरा, आणि ती तुमच्या हातात येऊ दे.

आणि त्याचं नाव विचारून घ्या. तुमच्या अडीच पानी पत्रात ते कुठेच नाही. कमिटीच्या पत्रात ते लिहावं लागेल, कारण त्यात एक ओळ मला हवी आहे: त्या रविवारी त्याने जे सांगितलं ते बरोबर होतं. मीटिंगच्या आधी, शनिवारीच देऊन टाका.